गोदामातली कबुतरं आणि आपली फुप्फुसं

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीतल्या आरोग्य बैठकीला एक ताई आल्या. वय ३८. शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामात झाडलोटीचं काम, तेही कंत्राटावर. कोरडा खोकला काही केल्या जात नव्हता, जिना चढताना दम लागायचा, वजन उतरलं होतं. वस्तीत खोकला लांबला की पहिलं नाव टीबीचं निघतं. गल्लीतल्या दवाखान्यात बेडका न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. चार महिने झाले तरी फरक नव्हता.

आम्ही विचारलं, "ताई, कामावर नेमकं काय करता?"

त्या म्हणाल्या, "काय करणार, कबुतरांची घाण झाडते. वर कैचीवर शेकड्यांनी बसतात. सकाळी खराटा मारला की पांढरी धूळ अशी उडते की समोरचं माणूस दिसत नाही." मग जरा थांबून त्याच म्हणाल्या, "आठ दिवस गावी गेले होते, तेव्हा खोकला बराच कमी झाला होता. कामावर परतले आणि पुन्हा सुरू."

आम्ही वॉर्डात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली. तिथे ताप मोजला, सलाईन लावलं, औषध दिलं, पण "तुम्ही काम काय करता?" हे विचारायला कधी वेळ मिळाला नाही. हा प्रश्न आम्ही वस्तीत आल्यावर शिकलो. आपल्या वस्तीतले किती तरी जण गोदामं, कारखाने, मॉल, बाजार समित्या, रेल्वे स्टेशनं आणि ऑफिसच्या इमारतींत झाडलोट, हमाली, राखण करतात. कबुतरांची घाण काढण्याचं काम तिथे आपल्याच वाट्याला येतं. म्हणून या वेळचं आरोग्य पान याच विषयाला दिलं आहे.

कबुतर इमारतीवरच का येतं?

आपण ज्याला पारवा म्हणतो ते निळसर राखाडी कबुतर मूळचं कड्याकपारीत राहणारं. झाडाच्या फांदीपेक्षा त्याला दगडाची सपाट कड आवडते. इमारतीचा छज्जा, एसीच्या डब्यामागची जागा, गोदामाच्या पत्र्याखालची लोखंडी कैची, बंद पडलेला पंखा, जाहिरातीच्या फलकाची मागची बाजू, हे सगळं त्याच्या लेखी कडाच. वर ऊन-पाऊस नाही, खाली सांडलेलं धान्य आहे, जवळ साचलेलं पाणी आहे. मग ते का जाईल?

मादी एका वेळी बहुतेक दोन अंडी घालते. साधारण १८ दिवसांत पिलं बाहेर येतात आणि महिना-सव्वा महिन्यात उडू लागतात. खाणं भरपूर असेल तर एक जोडी वर्षातून अनेकदा पिलं काढते. म्हणून कबुतरं हाकलत बसून ती कमी होत नाहीत. जागा आणि दाणा मिळत राहिला तर हाकललेल्यांच्या जागी दुसरी येतात.

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराने याचा मोठा अनुभव घेतला. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली, तरी संख्या टिकून राहिली. पुढे १९८८ पासून लोकांना समजावून दाणे टाकणं कमी केलं गेलं. साधारण चार वर्षांत कबुतरांची संख्या वीस हजारांवरून दहा हजारांच्या आसपास आली. मारून जे झालं नाही ते दाणे थांबवून झालं.

घाणीतून आजार कसा होतो?

कबुतर दुरून उडत गेलं म्हणून कोणी आजारी पडत नाही. एखाद्या वेळी अंगावर घाण पडली तरी धुऊन टाकली की झालं. धोका आहे तो वाळलेल्या घाणीच्या धुळीचा. ती रोज, बंद जागेत, नाकातोंडात जाते तेव्हा पुढचे त्रास होऊ शकतात.

पहिला आणि आपल्या कामाशी सगळ्यात जवळचा आजार म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. कबुतराची विष्ठा आणि पिसांवरची भुकटी यांत काही प्रथिनं असतात. ती श्वासातून पुन्हा पुन्हा आत गेली की काही माणसांचं शरीर त्यांना शत्रू समजून लढायला उठतं आणि ही लढाई फुप्फुसात होते. फुप्फुसाला आतून सूज येते. वर्षानुवर्षं असंच चाललं तर तिथे व्रण धरतो, फुप्फुस कडक होतं. कडक झालेलं फुप्फुस पुन्हा मऊ होत नाही. हा जंतूचा आजार नाही, त्यामुळे तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. घरात ताट-वाटी वेगळी करण्याची काही गरज नाही.

दुसरा, क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा. कबुतराच्या जुन्या विष्ठेत ही बुरशी वाढते. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही. पण एचआयव्ही असलेले, अवयव बदललेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती जाऊ शकते. अशा माणसाने हे काम करूच नये.

तिसरा, सिटॅकोसिस. पक्ष्यांकडून माणसाला लागणारा हा जंतू ताप, डोकेदुखी आणि न्यूमोनिया करतो. तो कमी आढळतो, पण वेळेवर कळला तर औषधाने बरा होतो. याशिवाय घाण धान्यात, पाण्याच्या टाकीत किंवा स्वयंपाकाच्या जागी पडली तर जुलाबाचे जंतू पोटात जाऊ शकतात.

टीबी की दुसरं काही?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींत खोकला, दम आणि वजन कमी होणं सारखंच दिसतं. खालच्या खुणा लक्षात ठेवा.

• घाण झाडल्यावर चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुतेक संध्याकाळी किंवा रात्री, थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि छातीत जखडल्यासारखं होतं. एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं. लोक म्हणतात, "हवा बदलली."
• सुट्टीत, गावी गेल्यावर बरं वाटतं. कामावर परतल्यावर पुन्हा त्रास सुरू होतो.
• जुना आजार असेल तर ताप नसतो. हळूहळू दम वाढत जातो. आधी डोक्यावर हंडा घेऊन चढ चढता यायचा, आता मोकळ्या हातानेही थांबावं लागतं. काहींच्या बोटांची टोकं फुगीर होतात.

यातलं काही जुळत असेल तर सरकारी रुग्णालयाच्या छातीच्या विभागात जा. आधी बेडक्याची तपासणी करून घ्या. टीबीची ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. बेडक्यात टीबी सापडला तर उपचार पूर्ण करा. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर हा लेख वाचून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना पुन्हा तपासायला सांगा. फुप्फुसाच्या या आजारात सुरुवातीला साधा एक्स-रे जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो. मग फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजण्याची चाचणी आणि एचआरसीटी नावाचा सिटी स्कॅन लागतो.

आणि एक वाक्य डॉक्टरांनी न विचारताही सांगा: "मी कामावर कबुतरांची घाण साफ करते, इतक्या वर्षांपासून, रोज इतके तास." या एका वाक्याने तपासाची दिशा बदलते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या एका नोंदणीत फुप्फुस कडक होण्याच्या आजारांच्या १,०८४ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात जवळजवळ निम्मे, ४७.३ टक्के रुग्ण याच हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे होते. कारणांत कूलरमधली बुरशी मोठी होती, पक्षीही होते. म्हणजे आजार दुर्मिळ वाटतो, कारण विचारलं जात नाही.

उपचारातली पहिली गोष्ट म्हणजे त्या धुळीपासून दूर होणं. धूळ चालूच राहिली तर औषध पुरं पडत नाही. सूज कमी करायला डॉक्टर स्टेरॉइड देतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, मनाने सुरू करायचं नाही आणि मनाने एकदम सोडायचंही नाही.

आधी ओलं करा, मग काढा

हे पान कापून कामाच्या जागी लावलंत तर आम्हाला आनंद होईल. कबुतरांची घाण काढण्याचा पहिला नियम: कोरडा झाडू किंवा खराटा मारायचा नाही. हवेच्या फवाऱ्याने उडवायची नाही. घरगुती व्हॅक्युम लावायचा नाही, तो बारीक धूळ मागून बाहेर फेकतो.

१. काम सुरू करण्याआधी बाकीच्यांना त्या भागातून बाजूला करा. जवळ विजेचा बोर्ड, वायर किंवा मशीन असेल तर वीज बंद केल्याशिवाय पाणी मारू नका.

२. एन-९५ मास्क लावा. ओढणी, रुमाल किंवा निळा कापडी मास्क ही बारीक धूळ अडवत नाही. मास्क नाकावर दाबून बसवा, कडेने हवा जाता कामा नये. ओला किंवा मळका झाला की बदला. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात गमबूट आणि अंगावर पूर्ण बाह्यांचा जुना डगला हवा.

३. साबणाचं थोडं पाणी हलक्या फवाऱ्याने मारा. जोराचा पाइप लावला तर घाण उडते. पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. जाड थर असेल तर वरचा थर काढून पुन्हा भिजवा.

४. ओली असतानाच पत्र्याच्या पट्टीने खरवडा आणि जाड पिशवीत भरा. पिशवीचं तोंड बांधून ती दुसऱ्या पिशवीत घाला.

५. जागा धुऊन झाल्यावर शेवटी जंतुनाशक लावा. घाणीच्या ढिगावर ब्लीच ओतू नका. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की घसा आणि छाती जाळणारा वायू सुटतो. ब्लीचमध्ये ॲसिड तर कधीच मिसळू नका.

६. काम संपल्यावर आधी हातमोजे, मग डगला, शेवटी मास्क काढा. हात, तोंड साबणाने धुतल्याशिवाय चहा, तंबाखू, जेवण काही नाही.

उंचीवरचं काम हा वेगळाच धोका आहे. आजार वर्षांनी होतो, पडणं एका क्षणात होतं. सेफ्टी बेल्ट नुसता कमरेला बांधून उपयोग नाही. तो भक्कम आधाराला अडकवलेला हवा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका, तो वरून धड दिसतो आणि मध्येच फुटतो. नीट परांची किंवा पाळणा नसेल तर वर चढायला नकार द्या. एकट्याने तर चढूच नका.

कबुतरं येऊच नयेत म्हणून मालकाने काय करावं?

रोज घाण काढत राहणं हा उपाय नाही. ती पडूच नये अशी सोय इमारतीच्या मालकाने करायची असते. ती काय असते हे आपल्याला ठाऊक असलं म्हणजे मुकादमाशी बोलता येतं.

खाणं तोडा. सांडलेलं धान्य, पीठ, पशुखाद्य त्याच दिवशी उचललं पाहिजे. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं. ट्रक धुण्याच्या जागी आणि एसीच्या पाइपखाली साचणारं पाणी काढून टाकावं.

जागा बंद करा. नायलॉनची किंवा प्लास्टिकची मजबूत जाळी हा सगळ्यात टिकाऊ उपाय. कबुतरांसाठी ५० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण दोन इंचांचा चौकोन पुरतो. जाळी ताणून, कडेला तारेवर घट्ट बसवली पाहिजे. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात आणि मग तीही घाण आपल्यालाच काढावी लागते. गोदामाच्या दारांना प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचे पडदे लावले तर गाडी जाते, कबुतर येत नाही. पत्रा आणि भिंत यांमधल्या फटी बुजवाव्यात.

बसण्याची कड मोडा. अरुंद छज्ज्यावर स्टीलचे काटे लावतात. ते टोचून मारण्यासाठी नसतात, पाय टेकायला जागा राहू नये म्हणून असतात. सपाट कडेवर तिरका पत्रा बसवला तर पक्षी घसरतो. उतार ४५ अंशांपेक्षा जास्त हवा.

जाळी लावण्याआधी घरटी पाहणं गरजेचं आहे. आत पिलं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावं. पिलं आत कोंडून मारणं क्रूर तर आहेच, सडून जास्त घाण होते.

पैसे वाया जाणारे उपायही सांगतो. प्लास्टिकचं घुबड, चमकणाऱ्या सीड्या, फटाके, भोंगे यांना कबुतरं काही दिवस घाबरतात, मग त्याच घुबडाच्या डोक्यावर बसतात. चिकट गोंद लावू नये, त्यात चिमण्यांसारखे लहान पक्षी अडकतात. विष तर अजिबात नाही. पशुक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० नुसार असं विष घालणं गुन्हा ठरू शकतो. शिवाय विष खाल्लेलं कबुतर मांजर, कुत्रा, घार खाते आणि विषारी दाणे वस्तीतल्या लहान मुलाच्याही हाती लागू शकतात. वरून कोणी "टाका दाण्यात औषध" म्हणालं तर ते काम आपण करायचं नाही.

दाण्यांचं काय?

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याच्या सूचना महापालिकेला दिल्या. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयात चाललं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दारातही गेलं. दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा आणि आसपासच्या रहिवाशांचा दमा, दोन्हींवर भरपूर बोललं गेलं. रोज तिथे झाडू मारणाऱ्यांच्या छातीचं काय, हा प्रश्न मात्र आम्हाला त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही.

पक्ष्यावर दया करू नका असं आम्ही म्हणणार नाही. पण एकाने ओतलेल्या दाण्यांची घाण दुसऱ्याने उघड्या नाकाने झाडायची, यात करुणा अर्धीच राहते. झाडू धरणाराही जीवच आहे.

आपला हक्क काय?

मास्क, हातमोजे, बूट, सेफ्टी बेल्ट हे मालकाने आणि कंत्राटदाराने फुकट द्यायचे असतात. पगारातून त्यांचे पैसे कापले तर जाब विचारा. अन्नधान्याचं गोदाम असेल तर आपल्या हातात आणखी एक मुद्दा आहे. अन्न व्यवसायाच्या परवान्याचे २०११ चे नियम साठवणुकीची जागा स्वच्छ आणि उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी व्यवसाय करणाऱ्यावर टाकतात.

आता हे नीट वाचा. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती. त्यात सेंद्रिय धूळ श्वासात गेल्याने होणारा एक्स्ट्रिन्सिक ॲलर्जिक अल्व्हिओलायटिस होता. हे आपण वर पाहिलेल्या आजाराचंच जुनं नाव. अशी यादी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. किती काळ काम केलेलं असावं वगैरे अटी आहेत, पण दार बंद नाही. ईएसआय लागू असेल तर उपचार आणि लाभ तिथून मिळतात. पगारपत्रकावर ०.७५ टक्के कपात दिसते का आणि आपला ईएसआय क्रमांक आहे का, ते आजच बघा.

म्हणून तीन कागद सांभाळा. पगारपत्रक किंवा हजेरीची नोंद. डॉक्टरांच्या केसपेपरवर लिहून घेतलेलं आपलं काम: "कबुतरांच्या विष्ठेची साफसफाई, अमुक वर्षं". आणि साधनं मागितल्याचा तारीख घातलेला अर्ज. अर्ज एकट्याने देऊ नका, पाच-दहा जणांनी सह्या करून द्या, पोच घ्या. ओळखीच्या युनियनला सोबत घ्या.

घरी आल्यावर

कामाचे कपडे शक्यतो कामावरच बदला. ते शक्य नसेल तर घरात शिरण्याआधी बाहेर काढून वेगळ्या बादलीत भिजवा, झटकू नका. लहान मूल धावत येऊन बिलगतं, तेव्हा आपल्या कपड्यावरची भुकटी त्याच्याही नाकात जाते. पुनर्वसनाच्या उंच इमारतीत राहत असाल तर डक्टमध्ये आणि गच्चीवर लक्ष ठेवा, आणि पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना, हे सोसायटीकडून महिन्यातून एकदा तपासून घ्या.

त्या ताईंचं पुढे काय झालं?

त्यांच्या बेडक्यात टीबी निघाला नाही. सिटी स्कॅनमध्ये फुप्फुसाचा आजार दिसला. सरकारी रुग्णालयात उपचार सुरू झाले, खोकला कमी झाला, वजन थोडं वाढलं. काम मात्र सुटलं. दोन महिने त्यांच्या घरी चूल कशी पेटली ते आम्ही पाहिलं आहे. आता त्या पॅकिंगच्या कामाला जातात. दम पूर्ण गेलेला नाही, डॉक्टर म्हणतात तो पूर्ण जाईलच असं नाही. तीन वर्षं आधी कोणी एक मास्क आणि पाण्याची एक बादली दिली असती तर कदाचित ही वेळ आली नसती.

त्यांच्या जागेवर लागलेल्या मुलीला त्यांनीच जाऊन सांगितलं, "बाई, आधी पाणी मार, मग हात लाव." पुढच्या आठवड्यात सहा जणींनी मिळून मास्कसाठी अर्ज दिला. मास्क आले. जाळी अजून आलेली नाही, तिच्यासाठी दुसरा अर्ज तयार आहे.

तुमच्या घरात, गल्लीत असं काम करणारं कोणी असेल तर हे पान त्यांना वाचून दाखवा. आणि खोकला असेल तर विचारा: "सुट्टीच्या दिवशी कमी होतो का?"